नियम क्रमांक नऊ

"आपल्या घराण्यात आजवर कोणी कोणापुढे हात पसरलेला नाही आणि कोणी कोणाशी खोटं बोललेलं नाही," अण्णांनी हॉलच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. "तीन पिढ्यांचा इतिहास आहे. लिहून ठेवा."

"ठेवीन नंतर," श्यामलाबाई म्हणाल्या. "आधी चादरीचं ते टोक धरा. फ्रीजचं हँडल दिसतंय."

अण्णांनी टोक धरलं.

रविवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि अकराला सप्तपर्णी विद्यार्थी साहाय्य निधीच्या कोणी बाई घरी यायच्या होत्या. ओवी ही अण्णांची एकुलती एक नात. वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिची दोन वर्षं या निधीच्या शिष्यवृत्तीवर झाली होती, आणि तिच्या वडिलांची, आमोदची, कंपनी बंद पडल्यापासून दुसरा आधारही नव्हता. तिसऱ्या वर्षाचा हप्ता जूनमध्ये यायचा तो आला नाही. त्याऐवजी पत्र आलं. पत्र अण्णांनी घेतलं, अण्णांनी वाचलं आणि अण्णांनीच घरात सांगितलं की विशेष काही नाही, गृहभेट आहे. घरची परिस्थिती खरोखरच बेताची आहे ना, हे बघायला येतात.

यातलं गृहभेट एवढं खरं होतं.

पण अण्णांच्या शब्दावर शंका घ्यायची या घरात पद्धत नव्हती, आणि शिष्यवृत्तीच्या बाबतीत तर कसबा पेठेतही नव्हती. गोपाळकृष्ण खांबेटे सरकारी कचेरीच्या शिष्यवृत्ती विभागात एकतीस वर्षं होते, त्यातली शेवटची अकरा अधीक्षक म्हणून. फॉर्मवर नजर टाकताच त्यातली त्रुटी त्यांना दिसायची. विद्यार्थी दिसायला जरा वेळ लागायचा. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली तरी तांबट आळीपासून लोक मुलांचे फॉर्म घेऊन यायचे. अण्णा चष्मा पुसायचे, लाल पेन काढायचे आणि पहिल्याच पानावर तीन ठिकाणी गोल करायचे. चहा घ्यायचे नाहीत. 'लाभार्थ्याकडून चहा नाही' हे त्यांचं तत्त्व होतं, आणि चहा तसाही त्यांच्याच घरचा असायचा.

आता त्याच अण्णांच्या देखरेखीखाली घर गरीब करण्याचं काम चाललं होतं. फ्रीजवर चादर पडली. टीव्हीवर श्यामलाबाईंची जुनी नारायणपेठ पडली, त्यामुळे तो पूर्वीपेक्षा श्रीमंत दिसू लागला. इमारत नवी बांधल्यावर मिळालेला हा फ्लॅट, त्याच्या चकचकीत फरशीचं काय करायचं ते कोणाला सुचेना.

"एसीचं काय?" आमोदने विचारलं.

"बंद आहे म्हणून सांगू," अण्णा म्हणाले.

"बंदच आहे, अण्णा," ऋतुजा म्हणाली. "चार वर्षं झाली. तुम्हीच दुरुस्त करू दिला नाहीत." सुनेच्या आवाजात आदर होता. तो तिथे बऱ्याच वर्षांपासून होता आणि अण्णांना त्याची भीती वाटायची.

"आई, फुटका कप काढ ना तो, कान तुटलेला," आमोद म्हणाला. "त्यात चहा देऊ बाईंना."

"तुटक्या कपात? पाहुण्यांना? लोक काय म्हणतील?"

"गरीब म्हणतील. तेच हवंय ना आपल्याला?"

"गरीब म्हणू देत," श्यामलाबाई म्हणाल्या. "गबाळे म्हणायला नकोत."

या मुद्द्यावर आमोद आणि त्याची आई असे दोन पक्ष पडले, ऋतुजा स्वयंपाकघरात गेली, आणि त्या गडबडीत हॉलच्या कोपऱ्यातला मायक्रोवेव्ह झाकायचा राहिला. चादरी संपल्या होत्या. श्यामलाबाईंनी कपाटाच्या वरच्या फळीवर हात घातला, हाताला लागलं ते ओढलं आणि मायक्रोवेव्हवर टाकलं.

ती शाल होती. मरून, जरीकाठी. काठाला शिवलेली सॅटिनची पट्टी नेमकी पुढे आली होती आणि तिच्यावर सोनेरी अक्षरं होती.

"ही नको. ही... चांगली आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच टाकली. धूळ बसणार नाही," श्यामलाबाई म्हणाल्या. कोणतीही गोष्ट दोनदा करायची नाही, यावर त्यांनी पन्नास वर्षं संसार केला होता.

अण्णा शाल सरकवायला उठणार, एवढ्यात दार ढकलून सर्जेराव आत आले. ऋतुजाचे वडील. वाघोलीला सिमेंट-सळईचं दुकान, थोडी उरलेली जमीन आणि भरपूर उरलेलं मत, एवढी त्यांची मालमत्ता. आमोद-ऋतुजाच्या लग्नात जिलेबी कोणी कमी केली, या प्रश्नावर दोन्ही व्याह्यांचं एकवीस वर्षांपूर्वी बिनसलं होतं आणि चौकशी अजून चालू होती. सर्जेरावांच्या खांद्यावर डाळिंबांची पेटी होती. ती त्यांनी खाली ठेवली, चादर घातलेल्या फ्रीजकडे पाहिलं, साडी घातलेल्या टीव्हीकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"कोन गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणी गेलं नाही, आबा," ऋतुजा बाहेर येत म्हणाली. "ओवीच्या शिष्यवृत्तीच्या बाई येणार आहेत. परिस्थिती बघायला."

सर्जेरावांनी टोपी परत घातली. "मंग हे सोंग कशापायी? अण्णासाहेब, माझी नात हाय ती. तिच्या फीपायी तुमी फ्रीजला चादर घालनार? उद्या मी भरतो ना. समदी. दोन्ही वर्साची."

आमोद खिडकीकडे बघू लागला. कंपनी बंद पडल्यापासून कोणी पैशाचं बोललं की तो खिडकीकडे बघायचा; त्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची आणि ती त्याला आता पाठ झाली होती. ऋतुजाने वडिलांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पाठीकडे. अण्णांना मात्र अंगावरचं मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. सर्जेरावांनी फी भरली तर शिष्यवृत्ती नको. शिष्यवृत्ती नको, तर बाई नको. बाई नको, तर पत्र नको. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना हा माणूस आवडला.

"सर्जेरावांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही," ते म्हणाले.

श्यामलाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की डॉक्टर कुठला बोलवायचा याचा त्या विचार करत असाव्यात.

"आबा, तुमच्या काय काय अटी आहेत?" आतल्या खोलीच्या दारातून आवाज आला. ओवी उभी होती. केस ओले, हातात मोबाइल.

"माझी कसली अट? आजाला अट असती व्हय? फकस्त वाघोलीला ऱ्हायला ये. कॉलेज तिथंच हाय. रोज बसचे धक्के खायाचे ते वाचतील."

"बरं."

"आन् संध्याकाळी तासभर दुकानात बसायचं फकस्त. तुला हिशेब येतोय. सूरजमामाला येत न्हाई."

"बरं."

"आन् सात वाजता घरात पायजे फकस्त. आन् त्ये टी-शर्टचं जरा... तुझी प्रेमलाआजी बोलंल काय ते."

"चार झाल्या, आबा," ओवी म्हणाली. ती रागावली नव्हती. सर्जेरावांच्या शेजारी बसून तिने त्यांच्या पेटीतलं एक डाळिंब उचललंसुद्धा. "निधीच्या अकरा अटी आहेत. पण त्या छापलेल्या आहेत. त्यात बारावी अट कधी उगवत नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी, सगळे विषय पास, पत्ता बदलला की कळवा. मी काय घालते हे दोन वर्षांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. मला ना, अशांचेच पैसे बरे वाटतात. मला ही शिष्यवृत्ती हवी आहे, आजोबा. नाही मिळाली तर मी आबांचे पैसे घेईन, घ्यावेच लागतील. पण मग मी वाघोलीतच राहीन. कायमची. मला माहितीये."

टोपीच्या आत बोट घालून सर्जेरावांनी डोकं खाजवलं. बहुधा त्यांनाही ते माहीत होतं.

"मिळेल गं, न मिळायला काय झालं," अण्णा म्हणाले. "मी आहे ना."

"तेच विचारायचं होतं. मी काल निधीचे नियम वाचले. वेबसाइटवर आहेत. फर्स्ट टाइम वाचले."

"कशाला?" अण्णांच्या तोंडून निघून गेलं.

नियम वाचल्याबद्दल एकतीस वर्षांत त्यांनी कोणाला 'कशाला' विचारलं नव्हतं. उलट, वाचले नाहीत म्हणून शेकडो मुलांना त्यांनी जिन्यावरून परत पाठवलं होतं.

"कारण काहीतरी मॅच होत नाहीये," ओवी म्हणाली. "गृहभेट जानेवारीत असते, तीही फक्त नवीन मुलांकडे. आणि गृहभेटीसाठी हप्ता थांबवत नाहीत. हप्ता थांबायची तीनच कारणं आहेत. हजेरी कमी, विषय राहिला, किंवा नियम क्रमांक नऊ. माझी हजेरी ब्याऐंशी टक्के आहे. विषय एकही राहिलेला नाही. मग उरला नऊ. ऐका हां, भयंकर मराठी आहे." तिने घसा खाकरला. "'लाभार्थी विद्यार्थ्यास अन्य कोणतीही व्यक्ती, संस्था वा मंडळ यांजकडून, कोणत्याही नावाने, निमित्ताने अथवा समारंभाने, रोख वा वस्तुरूप साहाय्य प्राप्त झाल्यास, मग ते लाभार्थ्याने स्वतः स्वीकारलेले असो वा त्याच्या वतीने अन्य कोणी, तीस दिवसांच्या आत निधीस लेखी कळविणे बंधनकारक राहील.' असं कोण लिहितं?"

अण्णा लिहीत. ते वाक्य अण्णांचंच होतं.

निधी सुरू झाला तेव्हा संस्थापकांपैकी महिपती नावाचे एक गृहस्थ नियमावली घेऊन त्यांच्याकडे आले होते. नियम ढोबळ होते. अण्णांनी तीन दिवस बसून ते बुजवले, शिवले, टाके घातले. 'वा त्याच्या वतीने अन्य कोणी' हे शब्द म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा कळस होता. त्यामागे प्रकरणही होतं. फार वर्षांपूर्वी येरवड्याच्या एका मुलीच्या आजोबांनी तिच्या नावाने दुसरीकडून मदत घेतली होती आणि 'मी घेतली, तिने नाही' असं म्हणत ते दोन दिवस अण्णांच्या टेबलापाशी उभे होते. अण्णांनी त्यांना बसायला सांगितलं नव्हतं. मुलीची शिष्यवृत्ती रद्द झाली. पुढे तिचं काय झालं हे अण्णांना माहीत नव्हतं. फाइल बंद झाल्यावर विद्यार्थी कुठे जातात याची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. त्या आजोबांचा चेहरा मात्र गेले दहा दिवस, पत्र आल्यापासून, दाढी करताना आरशात येत होता.

"आता मला कोणी काही दिलंय का?" ओवी सगळ्यांकडे बघत म्हणाली. "मला तर आठवत नाही. बाबा? आई? आजोबा?"

बेल वाजली. घड्याळात अकराला वीस मिनिटं होती. बेल ऐकून आयुष्यात कोणाला इतका आनंद झाला नसेल, आणि दार उघडल्यावर तो इतक्या लवकर गेलाही नसेल.

बाई पन्नाशीच्या होत्या. सुती साडी, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. "मी कौशल्या. सप्तपर्णी निधीकडून आले," त्यांनी सांगितलं, चपला दाराशी नीट जोडीने ठेवल्या आणि दाखवली नसलेली खुर्ची निवडून बसल्या. मग त्यांनी हॉलभर पाहिलं.

"रंगकाम आहे का?"

"हो," आमोद म्हणाला.

"नाही," ऋतुजा म्हणाली.

"झालं," श्यामलाबाई म्हणाल्या.

"वा," कौशल्याबाई म्हणाल्या. "पाणी चालेल. चहा नको. भेटीला गेल्यावर आम्ही चहा घेत नाही."

अण्णांना एका क्षणापुरता त्यांच्याबद्दल आदर वाटला. मग त्यांनी घाईघाईने सूत्रं हातात घेतली. "बाई, घरची परिस्थिती आपण पाहताच आहात. मुलाची नवी नोकरी कंत्राटी. सूनबाई बालवाडीत शिकवतात. माझी पेन्शन. उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक, विजेचं बिल, सगळं साक्षांकित करून..."

"उत्पन्नाबद्दल काही म्हणणं नाही," कौशल्याबाई म्हणाल्या. "मी त्यासाठी आलेले नाही. पत्रात लिहिलंय तसं. विद्यार्थिनीचं स्पष्टीकरण घ्यायचं आहे."

"कसलं स्पष्टीकरण?" ओवीने विचारलं.

"तुम्ही पत्र वाचलं नाही?"

"पत्र..." ओवी म्हणाली आणि थांबली. हॉलमधली पाच माणसं अण्णांकडे वळली. सर्जेराव तर खुर्चीसकट वळले.

कौशल्याबाईंची नजर मात्र अण्णांवर नव्हती. त्यांच्या खांद्यावरून मागे, मायक्रोवेव्हच्या दिशेला लागली होती. तिथे मरून शालीच्या काठावर सोनेरी अक्षरं चमकत होती. अण्णांनी डावीकडे सरकून शाल झाकायचा प्रयत्न केला. बाईंनी मान उजवीकडे केली. ते उजवीकडे सरकले. बाईंनी मान डावीकडे केली. तिसऱ्यांदा अण्णांना ते सहन झालं नाही.

"घेतली!" ते ओरडले. "मीच घेतली ती शाल! घेतली!"

कौशल्याबाई दचकल्या. "मी घड्याळ बघत होते," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं मागे आहे तुमचं. मला वाटलं, लवकर आले की काय."

श्यामलाबाई उठल्या, शालीचा काठ उचलला आणि डोळ्यांजवळ धरून मोठ्याने वाचलं, "ज्ञातिबांधव हितवर्धक मंडळ. गुणगौरव समारंभ. कुमारी ओवी." मग त्यांनी शाल परत ठेवली. "हे कधी झालं?"

उत्तर कौशल्याबाईंच्या पिशवीत होतं. त्यांनी मंडळाचं मासिक काढून टीपॉयवर ठेवलं. मधल्या पानावर फोटो होता. व्यासपीठावर अण्णा, खांद्यावर शाल, हातात नारळ आणि पाकीट, चेहऱ्यावर असा भाव की नारळ त्यांनी स्वतः झाडावर चढून काढला असावा. खाली ओळ होती: 'कु. ओवी हिच्या वतीने शिष्यवृत्ती स्वीकारताना तिचे आजोबा. या प्रसंगी त्यांनी "विद्यार्थी आणि नियमपालन" या विषयावर चाळीस मिनिटे मार्गदर्शन केले.'

"चाळीस?" आमोदने विचारलं.

"आभारप्रदर्शन धरून," अण्णा म्हणाले.

पहिल्यांदा हसले ते सर्जेराव. पोट धरून, पेटी हलेपर्यंत हसले. "अण्णासाहेब! म्या इतकी वर्सं तुमाला सरळ मानूस समजत हुतो की! जिलेबीबी तुमीच उचलली असनार!" पण ओवीचा चेहरा दिसला तसे ते थांबले, आणि अण्णांना जे अपेक्षित नव्हतं ते घडलं. सर्जेराव बाईंकडे वळले. "बाई, म्हातारा मानूस हाय. नातीचं कौतुक झालं, खुशीत घेतलं. त्यापायी पोरीचं वरीस घालवू नगा. किती व्हते त्या पाकिटात? म्या आत्ता देतो." त्यांनी खिशातून पाकीट काढलं.

"आत ठेवा," कौशल्याबाई म्हणाल्या. "नाहीतर तेही तीस दिवसांत लेखी कळवावं लागेल."

"आणि ही डाळिंबं?" ओवीने विचारलं. आवाज अगदी सपाट होता.

"फळांचं सोडा."

"अण्णा," ऋतुजा म्हणाली, "पण का?"

ती एकटीच असं म्हणाली. बाकीच्यांच्या चेहऱ्यावर 'कसं' होतं, 'केव्हा' होतं, आमोदच्या चेहऱ्यावर तर 'मला का नाही सांगितलं' होतं. का, हे सुनेने विचारलं, आणि त्यात या वेळी तो आदर नव्हता. अण्णांना बरं वाटलं.

त्यांनी उत्तराची जुळवाजुळव केली. पहिला मसुदा असा होता, की तो पुरस्कार होता, साहाय्य नव्हतं. पण पुरस्कार म्हणजे साहाय्यच, असं परिपत्रक त्यांनी स्वतःच नोकरीत असताना काढलं होतं. दुसरा असा, की ओवी त्या दिवशी परीक्षेत होती आणि मंडळाचा आग्रह होता. पण फोन मंडळाला त्यांनीच केला होता. तिसरा मसुदा उरला, आणि तो खरा होता.

"सोळा वर्षांत मला कोणी व्यासपीठावर बोलावलं नव्हतं," ते म्हणाले. "पाकीट कपाटात आहे. फोडलेलं नाही. तुझ्या वाढदिवसाला माझे थोडे घालून देणार होतो. कळवायचं लक्षात होतं, ओवी. रोज लक्षात होतं. पण मला वाटायचं, तीस दिवस दुसऱ्यांना असतात."

ओवीने मासिक उचललं. फोटो बराच वेळ पाहिला.

"एप्रिलमध्ये तुम्ही फॉर्म भरलात," ती म्हणाली. "मला म्हणालात, 'तू फक्त सही कर, वाचायचं मी बघतो.' आठवतं?"

"आठवतं."

"मला तुमचा भयंकर राग आलाय, आजोबा. शालीचा नाही. पत्राचा. ते माझ्या नावाने आलं होतं. मी दहा दिवस घाबरून जगले, आणि तुम्ही फ्रीज झाकत होतात." ती बाईंकडे वळली. "पण मॅडम, सही माझी आहे. खाली हमीपत्र होतं, तेही मी वाचलं नाही. आजोबांना सगळं येतं, म्हणून. तेव्हा मला माहीत नव्हतं असं मी लिहू शकत नाही ना?"

"लिहू शकता," कौशल्याबाई म्हणाल्या. "बरेच जण लिहितात."

"मग मी काय लिहू?"

"ते मला सांगता येत नाही. स्पष्टीकरण विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत द्यायचं. नियम अकरा."

अकरावाही अण्णांचाच होता. ते झटकन उठले. "ओवी, मी मसुदा करून ठेवलाय. चार पानी. पूर्वपीठिका, घटनाक्रम, परिशिष्ट..."

"अहो," श्यामलाबाई म्हणाल्या. "बसा."

अण्णा बसले. ओवी टीपॉयवर वाकून लिहू लागली. आमोद खिडकीपासून उठून तिच्या शेजारी येऊन बसला आणि कागदाकडे न बघता नुसता बसून राहिला. सर्जेराव हळूच ऋतुजाला म्हणाले, "अक्षर कुनावर गेलं गं?" ती म्हणाली, "तुमच्यावर नाही, आबा."

लिहून झालं तेव्हा ओळी पाचच होत्या. अण्णांना त्या उलट्या बाजूने वाचता आल्या. एकतीस वर्षं टेबलापलीकडचे कागद वाचायची सवय होती. 'मे महिन्यात मला दुसरी मदत मिळाली. ती माझ्या आजोबांनी माझ्या वतीने घेतली. मी हमीपत्र न वाचता सही केली होती, म्हणून मला ती कळवायची असते हे माहीत नव्हतं, आणि ती चूक माझी आहे. पाकीट उद्या परत करते. यापुढचे सगळे फॉर्म मी स्वतः वाचून स्वतः भरेन.' लाल पेनाने गोल करावा असं त्यात एकही ठिकाण नव्हतं. विषय नव्हता, संदर्भ नव्हता, 'महोदया' नव्हतं. आपल्या टेबलावर हे आलं असतं तर आपण परत पाठवलं असतं, असं अण्णांच्या मनात आलं, आणि त्यांना कसंसंच झालं.

कौशल्याबाईंनी ते दोनदा वाचलं.

"पाकीट परत केल्याची पोच मला पाठवा," त्या म्हणाल्या. "एक वर्ष देखरेख राहील; म्हणजे दर सत्राला हजेरी आणि निकाल तुम्हीच पाठवायचे, मागायची वाट बघायची नाही. पुन्हा असं झालं तर शिफारस करता येणार नाही. आज करते. समिती सहसा ऐकते. हप्ता येईल, पण ऑगस्टमध्ये. कॉलेजला द्यायला तसं पत्र देईन, तोवर ते थांबतील."

"म्हणजे... चालू राहील?" ओवीने विचारलं.

"राहील. तुम्ही खोटं सांगितलं असतं तर राहिली नसती. मी आल्यापासून या घरात खोटं फक्त फ्रीजने सांगितलंय."

ऋतुजाने तोंडाला पदर लावला. आमोद उठून आत गेला आणि बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज आला. सर्जेरावांनी डाळिंबांची पेटी पायाने हळूच ओवीच्या बाजूला सरकवली. "ही बिनअटीची हायेत," ते म्हणाले.

"बघू," ओवी म्हणाली, पण हसली.

आता एकटे अण्णाच उरले होते. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, रागानेसुद्धा नाही, आणि तेच त्यांना झेपेना. कुठेतरी याची नोंद व्हायला हवी होती. ते उठले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि हॉलच्या मधोमध आले.

"कौशल्याबाई," ते म्हणाले, "आपण माझ्या नातीला न्याय दिलात. पण दोषी मी आहे. तो नियम मी लिहिला आणि मीच मोडला. एका मुलीची शिष्यवृत्ती याच कलमाखाली मी रद्द केली होती आणि तिच्या आजोबांना दोन दिवस उभं ठेवलं होतं. त्यांना मी आज बसा म्हणू शकत नाही. कुटुंबासमोर, व्याह्यांसमोर, मी हे कबूल करतो. मला क्षमा नको. मी प्रायश्चित्त मागतो. जे सांगाल ते करीन. आज, आत्ता, इथेच. आपण फक्त सांगा."

श्यामलाबाईंनी हातातला पेला खाली ठेवला. ओवीने मान वर केली.

कौशल्याबाईंनी ओवीचा कागद फॉर्मवर ठेवला, दोन्हींच्या कडा टीपॉयवर आपटून जुळवल्या, पिशवीत हात घालून काहीतरी शोधलं आणि अण्णांकडे पाहिलं.

"एक टाचणी असेल का हो?"